फिर्यादीच आरोपीचा वकील

नोकरीत शेकडो पंचनामे केले, त्यातले बहुतेक विसरलो. नाशिकमधल्या एका वकिलाच्या ऑफिसातली चोरी मात्र अजून मनातून जात नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी शहरातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. एके सकाळी ठाणे अंमलदार म्हणाला, "साहेब, वकीलसाहेब आलेत. या वेळी स्वतःच फिर्यादी आहेत."

हे वकील आम्हा सगळ्यांच्या ओळखीचे. कोर्टाजवळच्या जुन्या इमारतीत एका खोलीचं ऑफिस, ना ज्युनियर, ना कारकून. टायपिंग स्वतः करायचं, तारखांना स्वतः धावायचं, सकाळी झाडूही स्वतःच मारायचा. आम्ही कुणाला विनाकारण बसवून ठेवलं की ठाण्यात येऊन आवाज चढवायचे. उलटतपासणीत त्यांनी मलाही घाम फोडला होता, तरी राग येत नसे. माणूस सरळ होता.

कुलूप तुटलेलं होतं आणि कपाटातल्या काही फायली गेल्या होत्या. टाइपरायटर मात्र जागच्या जागी. टाइपरायटर सोडून कागद नेणारा चोर मी पाहिलेला नव्हता. गेलेल्या फायलींत एका विधवा बाईंची फाईल होती. शहराबाहेर त्यांचा गुलाबाचा मळा, त्यावर दिरांनी दावा लावलेला. खालच्या कोर्टात बाई हरल्या होत्या, अपील करायचं होतं. दिरांनीच कुणाला तरी पाठवलं असणार, असा माझा कयास.

खबऱ्याने नाव दिलं. एक सराईत घरफोड्या आदल्या संध्याकाळी त्याच जिन्यात घुटमळत होता. पंचवटीतून त्याला उचलून आणलं.

"जिन्यात कशाला गेला होतास?"

"माझ्या केसची तारीख इचारायला. ऑफिस बंद व्हतं, माघारी आलो."

"फायली कुठे आहेत?"

"मला नाय ठावं. साहेब, आत टाकता ना? मग माझ्या वकिलाला बोलवा."

त्याने याच वकीलसाहेबांचं नाव घेतलं. हवालदार हसायला लागला. "अरे, त्यांच्याच ऑफिसात चोरी केलीस म्हणून तर आणलंय तुला!"

"म्हणूनच बोलवा. मी त्यांच्याकडं असं करनार नाय, त्यांना ठावं हाय."

मी फोन केला. वकीलसाहेब आले तसा तो गजांपलीकडे उठून उभा राहिला. "साहेब, तुम्हीच सांगा यांना."

वकीलसाहेब माघारी वळले. माझ्या खोलीत आले, दार लोटलं आणि उभ्यानेच म्हणाले, "त्याला सोडा. कुलूप मीच तोडलं."

त्यांची पत्नी दवाखान्यात होती. घर, दवाखाना, कोर्ट या धावपळीत बाईंच्या अपिलाची मुदत निघून गेली. बाईंना तोंड दाखवायची हिंमत होईना. फाईल चोरीला गेली असं दाखवलं तर कोर्ट उशीर माफ करील, असा विचार. फायली घरी ठेवल्या होत्या.

"खरं कारण लिहून अर्ज दिला असता तर?" मी विचारलं.

"उशीर बहुतेक माफ झाला असता. पक्षकारांना जन्मभर हेच सांगत आलो. मला सांगणारं ऑफिसात कोणी नव्हतं."

त्यांचा जबाब मी स्वतः लिहून घेतला. त्या माणसाला सोडलं. जाताना तो पुन्हा पुन्हा विचारत होता, "वकीलसाहेबांना काय झालं?" खोटी फिर्याद म्हणून मी कोर्टात अहवाल पाठवला, दुसरं काही करणं माझ्या हातात नव्हतं.

वकीलसाहेबांनी चूक कबूल करणारं प्रतिज्ञापत्र दिलं. दुसऱ्या वकिलामार्फत अपील दाखल झालं आणि पुढे मळा बाईंकडेच राहिला. निकालानंतर बाई ठाण्यात आल्या होत्या. म्हणाल्या, "त्यांनी मला नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं हो. आजारी माणूस घरात असलं की काय होतं, मला कळत नाही का?"

तोवर वकीलसाहेबांनी सनद परत केली होती.

गुन्हा उघडकीला आला की ठाण्यात सगळ्यांना हलकं वाटतं. वकीलसाहेबांनी कबुली दिली त्या दिवशी कुणी चहासुद्धा मागवला नाही. एकट्याने सगळं पेलणाऱ्या माणसाचं आपण कौतुक करतो. पण त्याचा हात सुटला तर धरायला शेजारी कोणी आहे का, हे कुणी बघत नाही. त्यानंतर कुठल्याही ठाण्यात गेलो तरी एकट्याने कारभार हाकणाऱ्या माणसाला मी घरची विचारपूस आधी करायचो.

काही वर्षांनी गंगापूर रोडला ते भेटले. हातात भाजीची पिशवी होती. सवयीने मी म्हणालो, "नमस्कार, वकीलसाहेब."

त्यांनी माझा हात हातात घेतला. "ते आता नका म्हणू," म्हणाले, आणि पत्नी गेल्याचं सांगून पुढे निघून गेले.