माशापुढं जोडलेले हात

नवऱ्याला सांगितलं नाही, आईला नाही, जिला सगळं सांगते त्या चुलत बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असलात तरी इथं लिहिताना माझा चेहरा दिसत नाही. अशीच आहे मी. समोर कुणी नसलं की लई शूर.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. बरी शिकवते म्हणतात. ज्या पदवीवर नोकरी लागली ती इथल्याच, संभाजीनगरातल्या एका ख्रिस्ती कॉलेजातली. नाव नाही सांगत. कॉलेजची यात काही चूक नव्हती.

आम्ही मूळचे फर्दापूरकडचे. थोडी शेती तिकडं, पण पप्पा वाळूजच्या कंपनीत, म्हणून घर बजाजनगरात. घराण्यात सायन्सला गेलेली मी पहिली. पप्पांनी कंपनीत सगळ्यांना सांगून ठेवलेलं — पोरगी बायलॉजी करतेय, मिशनच्या कॉलेजात, तिथं शिस्त असते. आणि पोरीचं काय? बसमधून उतरून त्या मोठ्या फाटकाशी आले की ओढणी नीट करत उगाच रेंगाळायचे. वर्गातली बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमातली. हॉस्टेलच्या मुली आपसात. कुणी वाईट वागलं का? नाही हो, कुणी वागलंच नाही. दिवसभर कुणी बोलायचं नाही माझ्याशी, आणि मी पण कुणाशी. संध्याकाळी आईला हाक मारली की आवाज घोगरा निघायचा, सकाळपासून वापरलेला नसायचा ना.

डबा मी लॅबच्या मागच्या पायऱ्यांवर खायचे. तिथं एकदा साळवे मॅडम आल्या. प्राणिशास्त्राच्या मॅडम — उंच, सुती साडी, बोलणं तिरकस. हातात चिरलेला पेरू. माझ्या शेजारी बसल्या, पेरूची फोड मीठ लावून माझ्या डब्याच्या झाकणात ठेवली आणि आपली खात बसल्या. मग अधूनमधून येऊ लागल्या. मी एकटी का बसते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्या कॉलेजात माझं म्हणून जे काही होतं, ते एवढंच.

आता तो मासा.

कॉलेजात सकाळी चॅपलमध्ये प्रार्थना व्हायची. ज्याला जायचं तो जायचा. ख्रिस्ती नसलेल्या आम्हा पोरांना कधी कुणी बोलावलं नाही, हे आधीच सांगते. पण साळवे मॅडमची स्वतःची एक पद्धत होती. डिसेक्शनला बाजारातून रोहू यायचा, मेलेला. ट्रेमध्ये तो आडवा ठेवला की मॅडम म्हणायच्या, "कात्र्या खाली. हा आज तुमचा मास्तर आहे. मास्तरापुढं आधी हात जोडायचे, मग त्याचं पोट फाडायचं." पोरं खिदळायची. मॅडम खिदळू द्यायच्या, मग गप्प उभ्या राहायच्या, आणि सगळा वर्ग आपोआप गप्प व्हायचा. हात जोडायचे, मनात आभार मानायचे. कुणाचं नाव घ्यायचं नाही, काही म्हणायचं नाही. मला तो क्षण फार आवडायचा. सगळेच गप्प, त्यामुळं माझं गप्प असणं तेवढ्यापुरतं वेगळं पडायचं नाही.

एवढं आवडायचं — मग? मग मी असं का केलं?

दुसऱ्या वर्षी सेमिनार द्यायचा होता. बेडकाचं हृदय, इंग्रजीतून. मी सगळं पाठ केलं, आरशापुढं, बसमध्ये, झोपेत. वर्गात उभी राहिले आणि मधेच अडकले. पाठ करून आलेल्या माणसाला मधून सुरू करता येत नाही. मी पुन्हा सुरुवातीला गेले — "गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड मॅडम". परत तिथंच अडकले. परत गुड मॉर्निंग. तिसऱ्यांदा गुड मॉर्निंग म्हटलं तेव्हा वर्ग हसत सुटला. आणि मी मॅडमकडं बघितलं, तर त्या पण हसत होत्या. तोंडावर रुमाल धरून, पण हसत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजला गेले नाही. घरून डबा घेऊन निघायचे, बस पकडायचे आणि सिद्धार्थ गार्डनला जाऊन प्राण्यांच्या पिंजऱ्यांसमोर बसायचे. म्हटलं तर प्राणिशास्त्रच. दिवस सरायचा नाही. पेरूवाला दिसला की मान वळवायचे. एकदा वाटलं, मॅडम विचारतील का, कुठं गेली ही पोरगी? शोधतील का? त्यांनी शोधावं असं मला किती वाटत होतं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

शेवटी हजेरी कमी म्हणून कॉलेजातून पप्पांना फोन गेला. पप्पा सुट्टी टाकून आले, ऑफिसात मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि मला गाडीवर मागं बसवून निघाले. नगर नाका ओलांडला. मग गाडी कडेला घेतली. "कुठं जात होतीस?" बस, एवढंच. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, कापत होता. मला कळलं, त्यांच्या मनात भलतंच काही आलंय. काय सांगायचं होतं मी? की मला तिथं कुणी नाही? ज्या कॉलेजचं नाव ते सगळ्या कंपनीला सांगत फिरले, तिथं त्यांची पोरगी पायऱ्यांवर एकटी जेवते, हे?

मी म्हणाले, "तिथं प्रार्थना करायला लावतात. हात जोडायला लावतात. म्हणून मी नाय जात."

हे एक वाक्य. हेच सांगायचं होतं.

पप्पांचा चेहरा सैल पडला. त्यांना हवं ते उत्तर मिळालं — पोरगी वाया गेलेली नव्हती. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, रसवंतीवर नेऊन उसाचा रस पाजला. मला वाटलं, सुटले.

पप्पांनी ते शेजारच्या काकांना सांगितलं, माझं नाव काढायचं नाही अशी शपथ घालून. काकांनी त्यांच्या ओळखीतल्या कुणाला. आठवडा संपायच्या आत पोरांचं एक टोळकं कॉलेजात आलं, 'आमची पोरं बाटवता का' म्हणत, मोबाइल वर धरून शूटिंग करत. हात जोडणं फक्त साळवे मॅडमच्या प्रॅक्टिकलला, म्हणून प्राचार्यांनी त्यांना ऑफिसात बोलावलं, आणि आमच्या बॅचमधल्या काहीजणांना. हजेरीपायी मी पुन्हा जाऊ लागले होते. मला पण बोलावलं.

बाकीचे खांदे उडवून मोकळे झाले — आम्हाला काय माहीत, आम्ही मागं असतो. माझी पाळी आली. "हात जोडायला लावतात का?" टोळक्यातल्या एका पोरानं मोबाइल माझ्या तोंडापुढं धरला. माशाचं सांगायचं होतं मला. मास्तराचं, आभारांचं, कुणाचंच नाव घ्यायचं नसतं, त्याचं. मराठीतच तर विचारत होते! इंग्रजीचं कारण पण नव्हतं. मी म्हणाले, "हो. लावतात." आणि थांबले.

मॅडम माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बरोबर सांगतेय ती. मी लावते. लेकराला त्रास देऊ नका." मग त्यांनी माशाचं सगळं समजावून सांगितलं. ऐकायला कोण बसलं होतं तिथं? मोबाइलमध्ये माझं "हो" आलं होतं, त्यांचं तेवढ्यात भागलं. तो तुकडा शहरभर फिरला.

त्या वर्षाअखेर मॅडम गेल्या. काढलं म्हणा, गेल्या म्हणा. नंतर कधीतरी ऐकलं, जालन्याला घरीच शिकवण्या घेतात. कॉलेज एवढं धास्तावलं होतं की माझ्या हजेरीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. मी परीक्षेला बसले, पास झाले. पप्पा अजून पाहुण्यांना सांगतात, आमच्या पोरीनं तिथं ठाम उभं राहून खरं सांगितलं. मी चहा आणायला आत जाते.

आतापर्यंत मी स्वतःला समजावत आले की भीतीनं बोलले. पप्पांची भीती होती, खरंय. पण त्या दिवशी ऑफिसात पप्पा कुठं होते? तिथं तो मोबाइल होता, हेही खरं. आणि त्याच्या खाली, पार तळाशी, तो रुमालामागचा हसरा चेहरा होता. घ्या आता, असं मला वाटलं होतं. क्षणभरच, पण वाटलं. बाईंनी मला पेरू दिला होता आणि मी त्यांच्या एका हसण्याचा हिशेब चुकता केला.

मागच्या उन्हाळ्यात शहागंजात चष्म्याच्या दुकानात त्या दिसल्या. केस पांढरे, पाठ वाकलेली. मी परत फिरणार तोच त्यांनी हाक मारली, नावासकट. दुकानदाराला म्हणाल्या, ही माझी विद्यार्थिनी, आता स्वतः शिकवते. त्यांना माहीत होतं! मग मला बाजूला घेतलं, हात हातात धरला.

"तुझी माफी मागायची राहिली होती गं," त्या म्हणाल्या. "तक्रार कुणी केली ते मला कधी कळलं नाही, आणि आता कळून तरी काय. पण माझ्यापायी तुला त्या लोकांपुढं उभं राहावं लागलं. एवढीशी होतीस. कशी थरथरत होतीस."

त्यांचे डोळे भरले होते. दुकानात गर्दी नव्हती, पप्पा नव्हते, कुणाच्या हातात मोबाइल नव्हता. त्या माझ्या तोंडाकडं बघत उत्तराची वाट बघत होत्या.

मी म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. माझ्या मनात काही नाही."

मी त्यांना माफ केलं.