हरकत असेल तर आत्ताच सांगा

नवं नातं निघालं की ज्याच्या तोंडाची चव जाते असा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच आहे, आणि दैवयोगानं ती माझी विहीण आहे. आपल्याकडे दोन अनोळखी माणसं एसटीत शेजारी बसली की गंगापूर येईस्तोवर एकमेकांचे मावसभाऊ ठरतात. आडनाव, गाव आणि आजोळ एवढं विचारलं की काम भागतं. विहीणबाईंना मात्र कुणी आजोळ विचारलं की त्या आधी दचकतात आणि मग समोरच्याकडे संशयानं बघतात, कारण त्या पेशानं लवाद आहेत. लवाद म्हणजे दोन धंदेवाल्यांचं भांडण कोर्टाबाहेर बसून, पण कायद्यानं, निकालात काढणारा पंच. या लवादांच्या कायद्यात अलीकडे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. त्यात एक लांबलचक यादी आहे. लवादाचं पक्षकाराशी कसलं नातं, कसली ओळख, कसला व्यवहार असेल तर तो त्यानं आधीच जाहीर करावा, असा तिचा मथितार्थ. सरकारनं ही यादी लवादाच्या कामापुरती केली होती. विहीणबाईंनी ती आयुष्याला लावली.

त्यांच्या कॉलनीत रांगोळीच्या स्पर्धेला त्यांना परीक्षक नेमलं, तेव्हा त्यांनी पहिल्या रांगोळीकडे बघायच्या आधी माइक हातात घेतला. तिसऱ्या नंबरच्या स्पर्धक बाईंकडून आपण एकदा विरजण नेलं होतं, ते परत केल्याचं आठवत नाही, आणि सातव्या नंबरच्या बाईंचा कुत्रा आपल्याला आवडत नाही, असं जाहीर करून त्या म्हणाल्या, "हरकत असेल तर आत्ताच सांगा." सातव्या नंबरच्या बाई तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नाहीत, पण रांगोळीचं बक्षीस विहीणबाईंनी त्यांनाच दिलं. कुणाच्या घरी चहा घेणं त्यांना धोक्याचं वाटतं. या शहरात उद्या कोण कुणाशी भांडेल आणि कोण आपल्यापुढे पक्षकार म्हणून उभा राहील याचा भरवसा नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पर्समध्ये त्यांचा स्वतःचा चहाचा थर्मास असतो, आणि थर्माससोबत पुरुषांचे असतात तसला एक मोठा पांढरा रुमाल, कारण सर्दी त्यांना बारमाही असते. त्या रुमालाला निलगिरीच्या तेलाचा वास येतो. आधी वास येतो, मग विहीणबाई.

आमची पहिली भेट मुलगी बघायच्या कार्यक्रमात झाली. पोहे झाले, आणि विहीणबाई उभ्या राहिल्या. मुलगी रागीट आहे, सकाळी आठच्या आत तिच्याशी कुणी बोलू नये, आणि तुम्ही आत्ता वाखाणलेले पोहे तिनं नाही, मी केलेत, असं त्यांनी निकालपत्र वाचावं तसं सांगितलं. हरकत आत्ताच घ्या, लग्नानंतर घेतलेली ऐकली जाणार नाही, हेही वर बजावलं. आमच्या घरात अशी रीत नव्हती. आम्ही आजवर दडवूनच लग्नं केली आहेत. पण माझ्या बायकोला काय झालं कोण जाणे, तीही उभी राहिली आणि आपला मुलगा घोरतो, शिवाय इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला नापास झाला होता, असं भर बैठकीत सांगून मोकळी झाली. घोरण्याचं मला ठाऊक होतं. नापास झाल्याचं त्या दिवशी कळलं. लग्न अर्थातच ठरलं, कारण भांडायला कुणापाशी काही उरलंच नव्हतं.

माझा वाळूजला छोटा कारखाना आहे. दुधाच्या यंत्रांना लागणारे व्हॉल्व्ह आम्ही बनवतो. डेन्मार्कच्या एका कंपनीला ते पसंत पडले आणि करार करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी अट घातली की पुढेमागे भांडण झालं तर ते सिंगापूरला सोडवायचं. मी आयुष्यात सोयगावच्या पलीकडे भांडायला गेलेलो नाही. मी घाबरून विहीणबाईंकडे गेलो. त्या आतून आनंदल्या. पोटच्या पोरीचे मार्क सांगावेत तशा त्या मला कायद्यातल्या दुरुस्त्या सांगू लागल्या. आता कोर्ट ऊठसूट लवादाच्या कामात नाक खुपसत नाही. लवादाला मुदत घालून दिली आहे. पूर्वी हरलेला माणूस कोर्टात एक अर्ज टाकायचा की निकाल आपोआप थांबायचा आणि तो गडी वर्षानुवर्षं निवांत झोपायचा, ते आता बंद झालं. हे सगळं त्या डॅनिश लोकांना नीट सांगा, इथं यायला ते कचरणार नाहीत, असं म्हणून त्या मला, त्यांच्या व्याह्याला, म्हणाल्या, "परदेशी माणूस निकालाला भीत नाय इवाई. तो तारखेला भितो."

मग त्यांनी पर्समधून तो रुमाल काढला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीवर टाकला. करारात लवादाची जागा लिहितात ना, ती म्हणजे हा रुमाल, असं त्यांनी मला समजावलं. बस फलाटाला लागली की आपण खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो. मग खाली चहा प्या, लघुशंकेला जा, मित्राशी गप्पा मारा, सीट आपलीच. तसंच साक्षी कोपनहेगनला घ्या, बैठका मुंबईला घ्या, पण रुमाल जिथं पडला तिथलाच कायदा आणि तिथलंच कोर्ट. मी कोर्टकचेऱ्यांवरची भाषणं पुष्कळ ऐकली आहेत, पण आंतरराष्ट्रीय कायदा मला कळला तो बसस्थानकावर उभं राहून. डॅनिश लोकांनी त्यांच्या वकिलांकडून खात्री करून घेतली आणि चक्क मान्य केलं. करारात जागा लिहिली गेली, छत्रपती संभाजीनगर. ती अक्षरं वाचताना माझा ऊर भरून आला होता, खोटं कशाला सांगू.

पुढे भांडण झालंच. व्हॉल्व्हची एक खेप गळायला लागली, असं ते म्हणाले. व्हॉल्व्हचा नकाशा तुम्हीच मध्येच बदलला, असं मी म्हणालो. दोघांनी मिळून एक लवाद निवडायचा होता. त्यांच्या मुंबईच्या वकिलानं काही नावं पाठवली, आणि त्यात आमच्या विहीणबाईंचं नाव होतं. नात्याची त्याला गंधवार्ता नव्हती, त्यांचा लौकिक तेवढा त्यानं ऐकला होता. माझ्या शेजारच्या शेडमधले भाई, ज्यांना जगातल्या कुठल्याही प्रश्नावर मत आहे, मला मिठी मारून म्हणाले, "समधन पंच है तो फिकर कायकू करते मियाँ? घर का मामला है." मलाही अगदी तसंच वाटत होतं. घरात मी श्रीखंड मागवलं.

त्याच संध्याकाळी विहीणबाई आल्या. श्रीखंडाकडे त्यांनी विंचवाकडे बघावं तसं बघितलं. हे नातं समोरच्यांना सांगणार आणि काम नाकारणार, एवढंच बोलून त्या उठल्या, आणि इतक्या घाईनं गेल्या की रुमाल खुर्चीच्या हातावर राहून गेला.

पहिली बैठक संगणकाच्या पडद्यावर झाली. पलीकडे डॅनिश कंपनीचा एक उंच, शांत अधिकारी आणि त्याचा वकील. विहीणबाईंनी चष्मा लावला आणि जाहीर करायला घेतलं. प्रतिवादीचा मुलगा आपला जावई आहे. आपल्या लेकीला दिवस गेले आहेत. हा करार होत असताना आपण प्रतिवादीला फुकट सल्ला दिला होता. लग्नात प्रतिवादीकडून मानाची जांभळी पैठणी मिळाली, ती दोनदा नेसून झाली आहे. दर दिवाळीला त्यांच्याकडून चकल्या येतात आणि त्या चांगल्या असतात. हे सगळं त्या न थांबता बोलत होत्या आणि मी खुर्चीत खाली खाली घसरत होतो. शेवटी त्या म्हणाल्या की कायद्यानं आपण अपात्र आहोत, दोन्ही बाजूंनी भांडण उभं राहिल्यानंतर लेखी संमती दिली तरच बसता येतं, आणि ती तुम्ही देऊ नये असा माझा सल्ला आहे.

त्या अधिकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की तो पुष्कळ देशांत अशा भांडणांना बसला आहे, लपवलेली नाती त्याला नेहमी मागाहून कळली, स्वतःविरुद्ध इतकं आधी सांगणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटलं, आणि त्याला याच बाई हव्यात. लेखी संमती आली. माझीही गेली. विहीणबाईंनी एक दिवस विचार केला आणि होकार दिला, पण निकाल लागेपर्यंत पक्षकाराच्या घराशी कसलाही संबंध ठेवणार नाही या अटीवर. अट त्यांची त्यांनीच स्वतःला घातली होती. तिचा अर्थ आम्हाला तेव्हा कळला नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पण आता माहेर म्हणजे लवादाचं घर. प्रतिवादीची सून तीन महिने लवादाच्या घरी राहणार, हे विहीणबाईंना मंजूर होईना. सूनबाई आमच्याकडेच बाळंत झाली. मुलगा झाला. डोहाळजेवणाला आई आली नव्हती, दवाखान्यात आली नाही, बारशालाही आली नाही. मुलगी रागीट असल्याचं जाहीर झालेलंच होतं, ती फोनवर आईला नको ते बोलली. माझ्या मुलानं बाळाचा फोटो पाठवला तर तो न उघडताच पुसल्याचं कळवणारा निरोप आला. खाली लिहिलं होतं, पक्षकाराच्या घरून आलेलं काही बघता येत नाही. मी चिडलो होतो. कायदा कायदा म्हणून किती, असं मी बायकोला म्हणालोही. ती बाळाच्या पाळण्याचं काहीतरी करत राहिली.

एका बैठकीला मी घरूनच बसलो होतो. माझा साक्षीदार रबरी वायसरांबद्दल बोलत होता आणि आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं. जोरात रडलं. पडद्यावर विहीणबाईंचं लिहिणं थांबलं. पलीकडून तो डॅनिश अधिकारी हळूच म्हणाला, हाच का तो, जाहीर केलेला? विहीणबाई म्हणाल्या, "नोंद आहे. प्रतिवादी, तुमचा माइक बंद करा." मी हात पुढे केला, पण बटण मला लवकर सापडेना, किंवा मी ते लवकर शोधलं नाही. तेवढा वेळ त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मग त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुढच्या साक्षीदाराला हाक मारली. निकाल लागेपर्यंत नातवाशी त्यांची भेट झाली ती एवढीच.

कायद्यानं त्यांना मुदत भरपूर होती, परदेशी पक्ष असला की ती आणखी सैल असते. त्यांनी तिचा निम्मा भागही वापरला नाही. निकाल माझ्याविरुद्ध गेला. वायसर कमअस्सल होते, खेप नव्यानं बनवून द्या, असा आदेश आला. कंपनीनं गिऱ्हाईक गेल्याची भरपाई मागितली होती ती मात्र फेटाळली, कारण गळती कळूनही ते बरेच दिवस गप्प बसले होते. मी दोन दिवस जेवताना कुणाशी बोललो नाही. भाई म्हणाले कोर्टात टाका, मुद्दत मिळते. पण नुसता अर्ज टाकून मुदत मिळायचे दिवस गेले, हे मला खुद्द लवादांनीच शिकवलं होतं. आणि अर्जात लिहिणार काय, की माझ्या सख्ख्या विहिणीनं परक्या माणसाची बाजू घेतली? शिवाय वायसर कमअस्सल होते. मी खेप नव्यानं बनवायला घेतली. डॅनिश अधिकाऱ्यानं पुढचा करार पाठवला आणि कळवलं की भांडणाची जागा बदलू नका, आहे तीच राहू द्या. हा लौकिक माझ्या कारखान्याचा नव्हता. तो कुणाचा होता हे कळल्यावर माझा राग उतरला, आणि त्या जागी आलं ते नुसतं आश्चर्य. ते अजून आहे.

तो करार आला त्या दिवशी संध्याकाळी, आधी निलगिरीचा वास न येताच, दार वाजलं. विहीणबाई दारात उभ्या होत्या, अंगावर ती जांभळी पैठणी. त्यांनी हात साबणानं दोनदा धुतले आणि पाळण्याशी बसल्या. बाळ तोवर माणसं ओळखायला लागलं होतं. सूनबाईनं, अजून घुश्शातच, ते त्यांच्या मांडीवर दिलं. विहीणबाईंनी घसा साफ केला आणि त्याच्याकडे बघून सावकाश सांगायला लागल्या, "मी तुझ्या आईची आई. तुझ्या आजोबाच्या विरुद्ध निकाल दिलाय. तू झालास तेव्हा आले नाय, बारशाला आले नाय. हरकत असंल तर आत्ताच सांग."

बाळानं त्यांच्याकडे टक लावून बघितलं आणि भोकाड पसरलं. अनोळखी माणसाकडे गेल्यावर रडतं तसलंच ते रडणं होतं, आणि ते थांबेना.

"हरकत बरोबर हाय त्याची," विहीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी बाळ लेकीकडे परत दिलं. मग पर्स उघडून त्यात काहीतरी शोधायला लागल्या. डोळे वाहत होते आणि हाताला नुसता थर्मास लागत होता. सूनबाईचा राग तिथं संपला. ती आईला चिकटून बसली. माझी बायको उठली आणि पाळण्याच्या दांडीला बांधलेलं पांढरं फडकं सोडू लागली. मी ते रोज बघत होतो, पण ते काय आहे हे मी कधी विचारलं नव्हतं.

"तुमचाच आहे. त्या दिवशी खुर्चीवर राहिला होता," बायको म्हणाली. "आजीचं काहीतरी पोराजवळ असावं म्हणून बांधला."

विहीणबाईंनी रुमाल हातात घेतला. निलगिरीचा वास केव्हाच उडाला होता, आता त्याला दुधाचा आणि बाळाच्या तेलाचा वास येत होता. त्यांनी तो बराच वेळ नाकाशी धरला. मग माझ्याकडे वळून, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा मला प्रतिवादी न म्हणता, विचारलं, "म्हंजे जागा हाय ना इवाई माझी?"

मी मान हलवली. अंधार पडेपर्यंत त्या पाळण्याची दोरी धरून बसल्या, बाळ झोपल्यावरही हलवत राहिल्या. गेलेले महिने परत मिळवायचा अर्ज कुठल्याच दुरुस्तीत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? उठताना त्यांनी रुमालाच्या घड्या सरळ केल्या आणि तो पुन्हा दांडीला बांधून ठेवला.