हप्त्याचा कोट

"हप्ता म्हणाला तो. माझ्या या दोन कानांनी ऐकलं. मग आठवड्याने कोट दिला तर बिघडलं कुठं?"

"मावशी, तो पाहुणा वर बनियनवर उभा आहे! कोट आत्ता हवाय त्याला!" सुपरवायझरच्या कपाळावरची शीर फुगली होती.

ही आमची इस्त्रीवाली मावशी. हॉटेलच्या तळघरात कपडे धुवायचं खातं आहे, तिथं वाफेत तिनं उभं आयुष्य काढलं. उभं म्हणजे खरोखरच उभं. आता गुडघे कुरकुर करायला लागलेत. फोन घेणारी बाई काम सोडून गेली आणि फोनजवळची खुर्ची मोकळी झाली. गादीची, चाकांची. मावशीचा तिच्यावर डोळा. सुपरवायझर म्हणाला होता, "पाहुण्यांचं इंग्रजी बोलणं कळलं तर खुर्ची तुमची. नाहीतर बाहेरून माणूस आणतो." आज तीच परीक्षा चालली होती.

अभ्यासात मावशीनं कसूर केली नव्हती. सून भांडी विसळता विसळता शिकवायची. "आई, 'हॅव टू' म्हणजे करायला लागतं. 'मस्ट' म्हणजे तेच, पण जरा दमात घेऊन." मावशी घोकायची, 'हॅव' वेगळा, 'टू' वेगळा, मधे ऐसपैस जागा.

आणि पहिल्याच फोनवर पाहुणा बोलला, "आय हॅफ्टा वेअर इट." मावशीला त्यातला हप्ता तेवढा ओळखीचा वाटला. तिनं कोट ढिगाच्या पार तळाशी घातला.

"हॅफ्टा म्हणजे हॅव टू, मावशी!"

"अरे, दोन शब्द होते ना ते? मधली भिंत कुणी पाडली?"

"बोलण्याच्या घाईत पडते."

"आपली बरी नाही पडत!" मावशीनं कोट उपसून टेबलावर पसरला. "सरका आता, मला काम करायपायजे."

"काय म्हणालात? करायला पाहिजे ना? त्यातला 'ला' आणि 'हि' कुणी खाल्ला?"

मावशी गरम इस्त्री हातात धरून पोट हलेपर्यंत हसली. "मेल्या, मीच गिळला की!"

कोट झाला. सुपरवायझर तो हातावर टाकून दारापर्यंत गेला, तेवढ्यात फोन वाजला. तो थबकला. मावशीनं रिसीव्हर कानाला लावला.

"माय शर्ट! आय गाडा लीव्ह!" आवाज दारातल्या सुपरवायझरलाही ऐकू गेला.

गाडा? हा कसला गाडा, बैलाचा की हाताचा? मावशीच्या ओठांवर आलंच होतं. पण पलीकडचा माणूस धापा टाकत होता. शब्द गिळलाय म्हणजे घाईत आहे गडी. "यस सर! नाऊ, नाऊ!" तिनं फोन ठेवला.

"काय म्हणाला?" सुपरवायझरनं विचारलं.

"निघायचंय त्याला. शर्ट लगेच हवा."

"आणि 'गॉट टू'चा झालेला गाडा नको?"

"गाडा मागणारा इतका धापा टाकत नाही, बाबा."

सुपरवायझर हसला. त्यानं पायानंच खुर्ची तिच्याकडे ढकलली. "बसा."

मावशी बसली. एकदा डावीकडे फिरली, एकदा उजवीकडे. गुडघ्यांना हात लावून बघितलं. मग तिची नजर टेबलावरच्या चुरगळलेल्या शर्टाकडे गेली.

"याला इस्त्री कोण करणार?"

"तुमच्या जागेवरचा माणूस उद्या येतोय."

"म्हणजे खुर्ची मिळाली, बसणं उद्या! मरू दे, उठायपायजे," म्हणत मावशी उठली आणि कॉलरवर पाणी शिंपडून तिनं इस्त्री दाबली.