धाकटीचा बार

माझ्या वडिलांकडे, म्हणजे आमच्या आण्णांकडे, बारा बोअरची दुनळी बंदूक होती. आता नाही. ती कशी गेली ते सांगायलाच हवं, कारण गावात या गोष्टीच्या तीन-चार आवृत्त्या फिरतायत आणि त्यातल्या एकीत तर आण्णांनी साहेबावरच नेम धरला होता. लोकांच्या तोंडाला कुलूप कोण लावणार!

सायखेड्याच्या शिवारात, नदीपासून हाकेच्या अंतरावर आमची द्राक्षाची बाग आहे. बागेपलीकडे ऊस, आणि ऊस म्हटला की बिबट्या आलाच. आण्णांचा परवाना पीकसंरक्षणाचा, त्यांच्या ऐन उमेदीतला. पण त्या बंदुकीनं आजवर एक ससासुद्धा मारलेला नाही. वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या संध्याकाळी शेजारच्या वस्तीवरून हाक यायची, "आण्णा, एक बार काढा हो, कुत्री लय भुकत्यात!" मग आण्णा बंदूक घेऊन बांधावर जायचे आणि आभाळाकडे तोंड करून एक बार काढायचे. बिबट्या पळायचा की नाही देव जाणे, माणसं मात्र निर्धास्त जेवायला बसायची. तेवढ्या भांडवलावर पंचक्रोशीत त्यांचं नाव 'बंदूकवाले आण्णा' पडलं होतं. निवडणूक लागली की बंदूक पोलिसांकडे जमा करावी लागायची. बंदूक माहेरपणाला गेली, असं आई म्हणायची. तेवढे दिवस आण्णांचं घरात कशातच लक्ष लागायचं नाही.

बंदुकीपेक्षा जास्त लाड काडतुसांचे. एका वेळी किती बाळगायची, वर्षात किती घ्यायची, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. आण्णांना पंचवीसची मुभा होती, पण ते दहाच्या वर कधी गेले नाहीत. नाशिकच्या दुकानात जायचं, पुस्तकात नोंद करून शिक्का मारून घ्यायचा, आणि पुढच्या वेळी झाडलेल्यांच्या रिकाम्या पुंगळ्या दाखवायच्या, असा त्यांचा शिरस्ता. लाल प्लॅस्टिकची, पितळी बुडाची ती पुंगळी आई चिंचेनं घासून लख्ख करून ठेवायची. सरकारी कामाला मळकी वस्तू कशी न्यायची, असं तिचं म्हणणं.

माझा मोठा भाऊ अमेरिकेत असतो. मी त्याला दादा म्हणते आणि जमेल तेव्हा त्याच्याशी भांडते. मी नाशिकला शाळेत विज्ञान शिकवते आणि रविवारी बागेवर जाते, आणि रविवारीच सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल येतो. गेल्या वर्षी त्यानं पिस्तूल घेतलं आणि आमच्या रविवारांना नवा विषय मिळाला. त्याच्या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये पंधरा गोळ्या बसतात. त्याच्या राज्यात दहाच्या वर बंदी आणायची की नाही, यावरून तिथं जुंपली होती, आणि दादा बंदीच्या विरोधात होता.

"पंधरा?" आण्णांनी विचारलं. "आन एवढी माणसं येणार हायत का तुझ्याकडं?"

"आण्णा, तसं नसतं. समजा तीन चोर घुसले. अशा वेळी हात थरथरतो, नेम चुकतो. दहा संपल्या तर? आणि कायदा पाळणार कोण, माझ्यासारखा. चोर थोडाच मोजून गोळ्या भरतो!"

या मुद्द्यावर मी आवाज चढवला. शाळेत घुसून कुणी झाडायला लागला तर मॅगझिन बदलायला लागणाऱ्या दोन क्षणांत चार पोरं दाराबाहेर पळतात, असं मी म्हटलं. मी शिक्षिका आहे, मला आधी पोरंच दिसतात. दादा म्हणाला, सराईत माणूस क्षणात मॅगझिन बदलतो, त्यानं काही फरक पडत नाही. शिवाय सरावाला एका सकाळी शंभर गोळ्या सहज लागतात, त्या खोक्यानं घेतल्या की स्वस्त पडतात.

"एका सकाळी शंभर!" आण्णांनी आईकडे पाहिलं. शंभर पुंगळ्या घासायच्या कल्पनेनं ती बिचारी उठून आतच गेली.

मग आण्णा बोलले. एरवी या वादात ते नुसते हसायचे. "हे बघ, माझ्या दोन नळ्या. दोन झाडल्या की बंदूक मधनं मोडून उघडायची, पुंगळ्या काढायच्या, नवी भरायची. तेवढ्या वेळात माणसाचं डोकं जाग्यावर येतं."

"चोराचंही येईल ना!" दादा म्हणाला.

"येऊ दे की. त्याचंबी आलं तर चांगलंच हाय."

आम्ही दोघंही हसलो. हे आण्णांनी बिबट्याकडून शिकलेलं शहाणपण असणार, असं मी तेव्हा धरून चालले.

त्यानंतर महिन्याभरातच परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली. आण्णा सत्तरी ओलांडलेले, तेव्हा डॉक्टरांचा दाखला, फोटो, फॉर्म, सगळं मी केलं. मग एक हवालदार बंदूक नीट ठेवली जाते का ते बघायला घरी आले. चहा झाला, लोखंडी कपाट उघडून झालं, कुलूप ओढून झालं. शेवटी त्यांनी काडतुसं पुस्तकाशी पडताळली. पुस्तकात शेवटची खरेदी दहाची. डब्यात जिवंत सहा. आईच्या लख्ख पुंगळ्या तीन. हवालदारांनी बोटांवर पुन्हा मोजलं. एक काडतूस कमी होतं.

"अहो, कॅलेंडरात असेल," आई मदतीला धावली. यापेक्षा ती गप्प बसली असती तर!

आण्णांची डायरी म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. एकाच खिळ्याला सात-आठ वर्षांची कॅलेंडरं एकावर एक लटकलेली. त्यात छाटणी, फवारणी, गाय कधी व्याली, आणि कधीतरी 'बार १'. हवालदार एकेक वर्ष उलटत मागं गेले. 'बार १' तीन वेळा सापडला, म्हणजे तीन पुंगळ्यांचा हिशोब लागला. मग सात वर्षांपूर्वीचा मे महिना आला. तिथं आण्णांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: 'धाकटीचा बार उडवला. सर्व ठीक.'

धाकटी म्हणजे मी. माझं लग्न त्या दिवशी झालं होतं.

हवालदारांना हसू आवरेना. बार उडवणं म्हणजे लग्न उरकणं, हे त्यांना काय मी सांगायचं! पण हसता हसता त्यांनी मोबाइल काढून त्या चौकटीचा फोटो घेतला. "काका, लग्नाचा बार मला कळला. पण लग्नात बंदूक उडवणं हाही बारच, आणि त्यावर हल्ली साहेब लय कडक हायेत. त्यात तुमचं एक काडतूस कमी. मला वर दाखवावं लागंल."

ते गेल्यावर आण्णांनी कॅलेंडरं पुन्हा खिळ्याला लावली. मी म्हटलं, "घाबरू नका, मी बघते." आण्णा म्हणाले, "बंदूक जाईल का गं?" त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मग मला चेवच आला.

माझं लग्न तीन वर्षं टिकलं. तो बार फुसका निघाला असं मी स्वतःच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्यांना कुजबुजायचे कष्ट पडत नाहीत. तर त्या फुसक्या बाराचा व्हिडिओ माळ्यावर होता. मी तो पेन ड्राइव्हवर घेतला, लग्नपत्रिका घेतली आणि सांगितलेल्या दिवशी आण्णांना, बंदुकीला आणि सहा काडतुसांना गाडीत घालून नाशिकला परवाना शाखेत गेले.

साहेब तरुण होते, नीटनेटके. "मॅडम, बार उडवला म्हणजे काय ते मला कळतं," ते म्हणाले. "माझाही उडवायची घरात घाई चाललीय. पण पुस्तकात दहा आणि हातात नऊ, याचं काय करू?"

मी पेन ड्राइव्ह पुढं केला. साहेबांनी, एका कारकुनानं आणि त्या हवालदारांनी मिळून माझं लग्न पुन्हा लावलं. पळवत पळवत का होईना, तीन तासांचं लग्न त्यांनी वीस मिनिटांत पाहिलं. फटाके होते, बँड होता, नवरदेवाच्या मित्रांचा नाच होता. बंदूक कुठंही नव्हती. आण्णा सगळीकडे एक उपरणं सांभाळत पाहुण्यांना जेवायला बसवत होते. कारकून म्हणाला, "जोडा छान दिसतोय." मी "हो ना!" म्हटलं. उगाच त्याचा हिरमोड कशाला करायचा.

साहेबांनी व्हिडिओ बंद केला. "ठीक आहे, लग्नात गोळीबार झाला नाही. मग काका, दहावं काडतूस कुठंय?"

आण्णा टेबलाकडे बघत राहिले.

"हरवलं असेल," साहेबच म्हणाले. चांगला माणूस होता. "एवढ्या वर्षांत हरवतं. तसं एका कागदावर लिहून द्या. मी ताकीद देतो आणि परवाना पुढं पाठवतो."

मी पर्समधून पेन काढून आण्णांच्या हातात दिलं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

"हरवलं नाय, साहेब."

"मग उडवलं?"

"नाय."

"कुणाला दिलं?"

"नाय दिलं."

"अहो काका, मग हरवलं असंच लिहा ना!"

"खोटं मी लिहिणार नाय. आन खरं मला सांगायचं नाय." आण्णांनी उठून बंदुकीची पिशवी टेबलावर ठेवली, शेजारी काडतुसांचा डबा ठेवला. "ही जमा करून घ्या. परवाना नको मला."

मी त्यांचा हात धरला, डोळे वटारले, साहेबांना म्हटलं की यांना साखर आहे, सकाळपासून काही खाल्लेलं नाही, डोकं चालत नाहीये. काही उपयोग झाला नाही. साहेबांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा आण्णांनी नकारार्थी मान हलवली. अर्ध्या तासात आमच्या हातात एक पावती होती आणि गाडीची मागची सीट रिकामी होती.

परतीच्या वाटेवर चांदोरीपर्यंत मी तोंडाचा पट्टा चालू ठेवला. मी सुट्टी काढली, फॉर्म भरले, तीन परक्या माणसांपुढे नको ते लग्न पुन्हा बघितलं, कशासाठी? एका शब्दासाठी! 'हरवलं' लिहायला काय झालं होतं? आता वस्तीवरून हाक आली की काय करणार, टाळ्या वाजवणार? आण्णा खिडकीबाहेर बघत होते. सायखेड्याचा पूल आला तेव्हा ते म्हणाले, "बाई, गाडी जरा कडंला घे."

मी घेतली. ते उतरले नाहीत. पुलाच्या कठड्याकडे बोट केलं.

"हितून टाकलं मी ते. नदीत."

"काय?"

"काडतूस. तू सासरहून दोन बॅगा घेऊन घरी आलीस ना, त्या दिवशी. आईला तू दंडावरचे वळ दाखवत होतीस. मी दारातून बघितलं."

मला तो दिवस आठवत होता. आण्णा चहा अर्धा टाकून उठले होते आणि बागेचं औषध आणतो म्हणून गाडीवर गेले होते. तासाभरानं परत आले तेव्हा हातात औषध नव्हतं. दुकान बंद होतं, म्हणाले होते.

"बंदूक पोत्यात गुंडाळून घेतली व्हती," आण्णा म्हणाले. "त्याच्या घरी निघालो व्हतो. नाशिकला."

पुलावरून एक ट्रॅक्टर गेला. त्यांच्याकडे डब्यात सगळी काडतुसं होती, हे मला एकदम सुचलं आणि मी काहीतरी वेडगळ विचारलं. "एकच का नेलं होतं?"

"दुसरं कोनासाठी नेऊ?"

माझे हात स्टिअरिंगवर होते, ते मी काढून मांडीवर ठेवले. आण्णा अजून कठड्याकडेच बघत होते.

"ज्यानं ते काडतूस नळीत भरलं, त्यानं परवाना कसा मागायचा? लिहून दिलं असतं तर साहेबानं दिलाबी असता. पन मला ठाऊक हाय ना." मग म्हणाले, "हितपर्यंत आलो आन ध्यानात आलं, तू आल्यापासनं पोटात काय घातलं नाय. आईबी रडत बसलेली, तुला जेवायला कोन वाढनार? म्हनून माघारी फिरलो."

त्या दिवशी परत येऊन घरात पाऊल टाकल्या टाकल्या आण्णांनी मला एकच प्रश्न विचारला होता: "जेवलीस का?" माझ्या दंडाबद्दल नाही, त्या माणसाबद्दल नाही, काहीच नाही. त्यांनी वाढलेलं ताट मी ढकलून दिलं होतं. माझ्या बापाला माझं काहीच वाटत नाही, असं चार वर्षं मी मनात धरून बसले होते.