तुरदाकुनची वाचा

झुराकानने एकतीस वर्षं नारीनच्या संगीतशाळेत तीन तारांचा कोमुझ शिकवला. निवृत्त झाल्यावर तिला घरात करमेना. त्याच सुमारास गावच्या इस्पितळातले डॉक्टर एर्मेक दारात आले. "एजे, पक्षाघाताची माणसं आहेत. बोलणं जातं, पण गाणं कधीकधी शाबूत राहतं. थोरल्या बहिणीसारख्या आहात, म्हणून विचारतो. येता?" राजधानीत, बिश्केकला, दहा दिवस शिकून ती कामाला लागली.

पहिल्याच दिवशी चुकली. कार्यक्रमात घालायचं मखमली जाकीट घालून तिने आठ रोग्यांपुढे दणदणीत धून वाजवली. एका म्हातारीने कान झाकून घेतले. एक जण रडायला लागला तो थांबेचना.

"इथे मैफल नको, एजे," डॉक्टर म्हणाले. "एका वेळी एकच माणूस. त्याचं गाणं कोणतं ते घरच्यांना विचारा. कोमुझ मागाहून. आधी त्याच्या श्वासाबरोबर नुसतं गुणगुणा."

तिला राग आला. या वयात हा पोरगा आपल्याला शिकवतोय! पण घरी गेल्यावर तिने जाकीट पेटीत टाकलं.

तुरदाकुन ट्रकवाला. अडुसष्ट वर्षांचा, उजवं अंग लुळं. त्याच्याजवळ एकच शब्द उरला होता, 'नाही'. चहा हवा असला तरी नाही, नको असला तरी नाही. गाण्याचं विचारल्यावर त्याची मुलगी मीरगुल म्हणाली, "डोलोनच्या घाटात ट्रक चालवताना बाबा स्वतःच रचलेलं एक म्हणायचे. पल्याड घाट, अल्याड घाट, मधे एकच घर, दारात उभी... पुढचं नाही आठवत." तिने चाल गुणगुणून दाखवली, मग आवाज उतरवला. "एजे, बाबांना झटका आला आणि नवव्या दिवशी आई गेली. त्यांना माहीत नाही. कळू देऊ नका, रक्तदाब चढेल."

"माझ्या तोंडून नाही कळणार," झुराकान म्हणाली. तेव्हा ते सोपं वाटलं. विचारायला त्याला बोलता कुठे येत होतं?

ती रोज सकाळी त्याच्या डाव्या बाजूला बसायची, त्याच्या डाव्या हाताने मांडीवर ठेका धरवायची आणि हळू गायची. दहा मिनिटं, जास्त नाही. तो डोळे मिटायचा तेव्हा ती थांबायची. तिसऱ्या आठवड्यात तो सूर धरू लागला. मग तिने ओळीचा शेवटचा शब्द गाळायला सुरुवात केली.

"मधे एकच..."

"घर," तुरदाकुनने गायलं. झुराकानला हसू आवरेना.

"दारात उभी..."

"सोनुन."

सोनुन म्हणजे त्याची बायको. झुराकानने गाणं तिथेच थांबवलं.

चार दिवसांनी त्याच चालीत त्याने स्वतःचे शब्द बसवले. "सोनुन कुठे?" थोरल्या भावाला म्हणतात तसं 'बाइके' म्हणत ती म्हणाली, "आज थकलात, बाइके, उद्या गाऊ." उद्याही तेच. परवाही तेच. तिची नजर खिडकीबाहेर जायची आणि तो ते बघायचा. पाचव्या दिवशी ती गेलीच नाही. सहाव्या दिवशी निरोप आला, तुरदाकुन जेवत नाही.

डॉक्टरांनी मीरगुलला बोलावलं. ती झुराकानवरच तुटून पडली. "त्यांना बोलतं करा असं कुणी सांगितलं होतं तुम्हाला? गप्प होते तेव्हा निदान जेवत तरी होते!"

झुराकान म्हणाली, "आईचं तूच सांग, पोरी. मी शेजारी बसते. डॉक्टर दारात थांबतील."

मीरगुल खाटेशी गेली. "बाबा," म्हणाली, आणि पुढे शब्दच निघेना. ती तशीच खाली बसली, भिंतीकडे तोंड केलं आणि मेलेल्या माणसासाठी बायका गातात तो शोक तिच्या गळ्यातून सुटला. पहिल्या ओळीतच तुरदाकुनला कळलं. "नाही," तो म्हणाला. त्या एका वेळी शब्द बरोबर जागी पडला होता. मग तो तिच्या सुरात सूर मिसळायला धडपडला, पण नुसतं घरघरणं निघालं. झुराकानने त्याचा डावा हात धरून ठेवला. ठेका मात्र धरला नाही.

रक्तदाब चढला, औषधांनी उतरलाही. तुरदाकुन पुन्हा जेवू लागला. 'पाणी', 'दार लाव', 'थंडी' एवढं बोलू लागला. गायला मात्र पुन्हा कधीच नाही. झुराकान सकाळी जाऊन दहा मिनिटं बसायची. तो छताकडे बघत पडून राहायचा. मार्चमध्ये मीरगुल त्याला आपल्या घरी घेऊन गेली आणि तिथेच मे महिन्यात तो गेला.

झुराकानने काम सोडलं नाही. नवा रोगी आला की गाणं विचारण्याआधी ती घरच्यांना बाजूला घेते. "याच्यापासून काय लपवलंय? खरं सांगा, नाहीतर मी सुरू करणार नाही." कुणी चिडतं, कुणी रोग्यालाच परत नेतं.

तुरदाकुन गेल्यावर चाळिसाव्या दिवशी जेवण घालतात, त्याला ती गेली होती. बायकांच्या रांगेत बसली. मीरगुलने तिच्यापुढे चहा ठेवला, पाव ठेवला, आणि वर न बघताच पुढच्या बाईकडे वळली.