रातव्याचा माग

आमच्या वसाहतीने यंदा काढलेल्या स्मरणिकेत ‘कार्यकारिणीची ठळक कामगिरी’ या मथळ्याखाली असे छापले आहे, की निवासी भागात चोरून चालणारा एक यंत्रमाग समितीने सातत्यपूर्ण पाठपुराव्याने बंद पाडला. कारखानदाराचे नाव सौजन्यापोटी वगळले आहे. हे सौजन्य निरर्थक आहे. वसाहतीत मागवाला एकच, आणि तो मी. माग नव्हता, तो चोरून चालत नव्हता आणि समितीने आजवर नळाची गळतीदेखील बंद पाडलेली नाही. मग माग कुठला?

मी मूळचा नातेपुत्याकडचा. पोरवयात सोलापूरला आलो, भवानी पेठेत दुसऱ्याच्या मागावर उभा राहिलो आणि पुढे स्वतःचे माग टाकले. मुले पुण्याला गेल्यावर ते विकले, उजळ माथ्याने विकले, आणि शहराच्या टोकाला या वसाहतीत घर घेतले. घरामागे समितीचा मोकळा भूखंड होता. मुरुमाड माळ, खुरटे गवत, दोनचार बाभळी.

उन्हाळा लागला आणि दिवेलागणीला त्या भूखंडातून आवाज येऊ लागला. चक्, चक्, चक्, चक्. मग घाई करीत शेवटी र्र्र. वसाहतीच्या व्हॉट्सअॅप गटावर लगेच निदान झाले: माग. एका विदुषींनी भुताची शक्यता मांडली होती, पण समितीला भुतावर कारवाई करण्याचे अधिकार नसल्याने ती मागे पडली.

रविवारच्या सभेत अध्यक्षांनी, जे सरकारी कचेरीतून निवृत्त झाले असून निवृत्तीची बातमी त्यांच्यापर्यंत अद्याप पोचलेली नाही, मोबाइलवर तो आवाज सर्वांना ऐकवला. ज्यांचे बाप-आजे मागावर खपले, अशा माणसांनी माना डोलावल्या. एक जण तर म्हणाला, “नवीन मॉडेल हाय. आवाज कमी करत्यात आता.”

आरोपापेक्षा हे मला अधिक लागले. मागाला ठेका असतो. आडवे सूत नेणारा धोटा इकडून तिकडे जातो, तिकडून इकडे येतो, आणि दोन ठोक्यांमधले अंतर सकाळी जेवढे तेवढेच संध्याकाळी. घाईला येऊन शेवटी गुरगुरणारा माग जगात नाही. असलाच तर तो दुरुस्तीला काढलेला आहे. सोलापूरच्या माणसाला मागाचा आवाज ओळखू येऊ नये, हे मी हयातीत पाहिले.

“घर उघडं आहे,” मी म्हणालो. “या आणि शोधा.”

ते खरेच आले. पलंगाखाली वाकून पाहिले, मोरीत डोकावले. माग सापडला नाही. मात्र टेबलावर लाकडी धोटा सापडला, ज्याच्या पोकळीत मी पेने ठेवतो. त्याचे छायाचित्र ‘मुद्देमाल’ या शीर्षकासह गटावर झळकले.

आवाज कोणाचा, हे मला तोवर ठाऊक झाले होते. पहिल्याच आठवड्यात सकाळी भूखंडात शिरलो होतो आणि माझ्या चपलेपुढचा पाचोळा अचानक उडाला. पंखांचा आवाज नाही. थोडे पुढे जाऊन तो पाचोळा पंख मोडल्यासारखा लोळू लागला. हे सोंग मी लहानपणी आमच्या खळ्याजवळ पाहिलेले आहे. रातवा हा निशाचर पक्षी मागे लागलेल्याला असा फसवून दूर नेतो, म्हणून जिथून उडाला तिथेच पाहावे. पाहिले. उघड्या मुरुमावर दोन अंडी होती, फिकट गुलाबीसर, तपकिरी ठिपक्यांची. घरटे नाही, काडी नाही. रातवा बांधकाम करीत नाही, त्यामुळे त्याच्यावर अतिक्रमणाचा खटला चालत नाही. दिवसभर तो डोळ्यांच्या फटी करून जमिनीला चिकटून बसतो आणि पायाखाली येईपर्यंत हलत नाही. सांज झाली की किडे टिपायला निघतो, आणि मध्येच भुईवर बसून ते चकचक चालवतो.

एक शब्द बोललो असतो तर माझे नाव धुऊन निघाले असते. पण वर्षभरापूर्वी कोपऱ्यावरच्या लिंबात घुबड दिसल्याची वार्ता गटावर आली होती. सगळी वसाहत बॅटऱ्या घेऊन लोटली. एकाने तर पोहे वाटले. दोनतीन दिवसांत घुबड परागंदा झाले. घुबड निदान झाडावर होते. भुईवरच्या अंड्यांवर आमच्या पक्षिप्रेमाचा पहिलाच पाय पडला असता.

पत्नीला मी सांगितले होते. ती चिडली.

“अवो, खरं सांगून टाका की. पाखरापायी चोर म्हणवून घेताय व्हय?”

“सांगितलं तर बघायला येतील.”

“मग येऊ द्या. मला भाजीवाला इचारतोय, मीटर कितीचं हाय म्हणून.”

पुढच्या सभेत अध्यक्षांनी विचारले, “कारखानदार, माग नाही म्हणता, तर आवाज कसला ते तरी सांगा. आणि हे बघा, भूखंडावर येत्या रविवारी श्रमदान आहे. सगळं गवत काढणार. तिथं काही दडवलं असेल तर निघेलच.”

मी उभा राहिलो. आयुष्यात कोणाचे सूत बुडवले नाही, कोणाची मजुरी ठेवली नाही, आणि मला पुढचे वाक्य बोलायचे होते.

“माग माझाच आहे,” मी म्हणालो. “पण ताण्याच्या सुताचा बीम लावलेला आहे. ताणा मध्येच तोडता येत नाही. तेवढा बीम उतरू द्या, मग बंद. आणि श्रमदान पुढे ढकला. भूखंडातून वायर ओढली आहे, कोणाला शॉक बसला तर जबाबदारी समितीची.”

‘जबाबदारी’ या शब्दाचा आमच्या अध्यक्षांवर विलक्षण परिणाम होतो. दुसऱ्याच दिवशी भूखंडावर तार बांधली गेली आणि कवटीचे चित्र असलेली पाटी लागली. मुलांना तिकडे फिरकण्याची बंदी झाली. महाराष्ट्रात रातव्याच्या एका जोडीला इतका बंदोबस्त मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. अंडी फुटली, पिले मुरुमावर मुरुमासारखी सरकत राहिली, यथावकाश उडाली. पाऊस उलटला तसा रातवा सवयीप्रमाणे गप्प झाला. मी अध्यक्षांना कळवले की बीम उतरला. त्यांनी गटावर फटाक्यांची चित्रे टाकली.

आता त्या भूखंडावर सांस्कृतिक सभागृह उभे आहे. रातवा तिथे येत नाही. म्हणून स्मरणिका हाती पडताच मी अध्यक्षांकडे गेलो आणि दुरुस्ती छापण्याची मागणी केली.

“पक्षी?” ते म्हणाले. “कुठं आहे?”

“तुम्ही सभागृह बांधलंत.”

“मग पुरावा नाही. अहो, भर सभेत तुम्ही स्वतः कबूल केलंत की.”

पूर्वी पक्षी दाखवता येत होता तेव्हा सांगता येत नव्हते. आता सांगता येते तर दाखवता येत नाही. दुरुस्ती मी स्वतःच लिहायला घेतली.

ती अर्धी झाली असता दारात दोन गृहस्थ उभे राहिले. माळाच्या पलीकडे झालेल्या नव्या वसाहतीचे पदाधिकारी. आमच्या अध्यक्षांनीच त्यांना पत्ता दिला होता. त्यांच्या मागच्या रानातून तिन्हीसांजेला आवाज येतो.

“चक् चक् करतो आणि शेवटी जरा घरघरतो,” एक जण अदबीने म्हणाला. “तुमची शाखा आहे का, एवढंच विचारायचं होतं. आम्ही उद्या माणसं लावून झुडपं काढणार आहोत.”

पत्नी चहा घेऊन आली होती. तिने माझ्याकडे पाहिले, टेबलावरच्या अर्ध्या कागदाकडे पाहिले आणि कप ठेवता ठेवता तीच म्हणाली, “बीम लावलाय आत्ताच. लई वायरी हायत तितं. झुडपात हात घालू नका.”

मी मान डोलावली. त्यांचाही बीम यथावकाश उतरला, म्हणून ही दुरुस्ती आता पुरी करून देत आहे.