नल्लमलातला मौनाचा गुरुवार

आमच्या सहलीच्या संयोजकाने आम्हा सगळ्यांना फसवले. वाटाड्या पुढे गेला आहे असे त्याने सांगितले आणि वाटाड्या जंगलात आलाच नव्हता. हे आधीच लिहितो, कारण पुढचे वाचून कोणी म्हणेल, दत्तमहाराजांनी सांभाळले ना, मग तक्रार कसली? महाराजांनी सांभाळले हे मी मरेपर्यंत सांगेन. तक्रारही सांगेन.

आंध्र आणि तेलंगण वेगळे होऊन फार काळ झाला नव्हता. नल्लमलाचे डोंगर तेच, अरण्य तेच, पण कृष्णेच्या अलीकडे एक सरकार आणि पलीकडे दुसरे. आश्विनात राजधानीतल्या नल्लकुंटा-काचीगुड्याकडची आम्ही काही दत्तभक्त मंडळी तिथे आठवडाभर गेलो होतो. रोज सकाळी वाटाड्याबरोबर डोंगरात निघायचे, संध्याकाळी मुक्कामी परतून आरती करायची. अफझलगंजात मी ताडपत्रीचा धंदा उभा केला तो घासाघीस आणि आवाज यांच्या जोरावर. भक्ती म्हणाल तर ती माझ्या बायकोची, सुमनची. मी तिच्या मागे उभा राहून हात जोडणारा, आणि ते करतानाही मनात शंका बाळगणारा. सुमनचे गुरुवारी आरतीपर्यंत मौन असते. ते तिने कधी मोडलेले नाही. बाळंतपणाच्या कळांतसुद्धा मोडले नाही, असे माझी आई सांगे.

त्या गुरुवारी आम्ही नावेने पलीकडे उतरलो. तिथल्या वनखात्याच्या चौकीवर संयोजकाचे बराच वेळ बोलणे चालले होते. मग तो हसत आला. "वाटाड्या पुढे गेलाय, चला माउली." आम्ही चाललो. आमची एक रीत होती. वळणावर संयोजक "अवधूत चिंतन!" अशी हाक देई आणि सगळे "श्रीगुरुदेव दत्त!" म्हणत. घोष दणक्यात आला की सगळे आहेत असे तो समजे. वाटाड्याला हे पटत नसे. तो सगळ्यांच्या मागून चालायचा आणि डोकी मोजायचा. त्या दिवशी मागे कोणीच नव्हते, मीही पुढच्यांत होतो, आणि मौनात असलेल्या बाईचा आवाज घोषातून कमी झाला आहे हे कोणाला कळणार?

डोंगरातल्या एका गुहेपाशी शिदोऱ्या सुटल्या तेव्हा मी पाहिले, सुमन नव्हती. संयोजक म्हणाला, "येतील हो. महाराज आहेत पाठीशी."

"महाराज आहेतच. तुमचा वाटाड्या कुठंय?"

तेव्हा त्याने खाली बघत सांगितले. वाटाड्याकडे नदीच्या त्या बाजूचा परवाना होता, या बाजूचा नव्हता. चौकीवाल्यांनी त्याला परत पाठवले होते. संयोजकाची गचांडी धरायला हात शिवशिवत होते, पण दुपार कलली होती आणि तेवढा वेळ नव्हता.

मी आलेल्या वाटेने धावत सुटलो. बांबूची दाट बेटे, पावसाने माजलेले गवत, दर थोड्या अंतरावर फुटणाऱ्या पायवाटा. आदल्याच दिवशी वाटाड्याने आम्हाला चिखलात अस्वलाच्या पंजांचे ठसे दाखवले होते. "सुमन! सुमन!" मी जीव खाऊन ओरडत होतो. मग एकदम आठवले, आज गुरुवार. ती ऐकत असली तरी ओ देणार नाही. मग मी दत्ताशी बोलायला लागलो, तेही दुकानात बोलतो तसेच. तिला दे, मी चिडणे सोडतो. तिला दे, दर पौर्णिमेला गाणगापूर करतो. बरं, वर अन्नदानही करतो. समोरून काहीच येईना तसा माझा आवाज चढत गेला.

तेवढ्यात झाडीतून एक लंबाडी, म्हणजे बंजारा तांड्यातली, बाई बाहेर आली. हातात काठी, कपाळावर आठ्या.

"अय्यो सेठ, कायकू चिल्लारे? मेरी भैंस गुमी है. घंटा सुनने में नै आरा तुम्हारे गले के मारे!"

"मेरी औरत गुमी है!"

"तो वो भी सुनने में नै आरी ना? बैठो. चुप."

मला आजवर कोणी असे बसवले नव्हते. मी मात्र बसलो. देवाला सांगण्यासारखेही काही उरले नव्हते. तोंड मिटले आणि मनातल्या मनात म्हणालो, आता तुझे तू बघ. वारा, कुठे पाण्याची खळखळ. मग खूप खालून आवाज आला, टण, टण, टण. बाईने मान तिरकी केली. "ये घंटा नै. बर्तन है."

ओढ्याच्या घळीत सुमन बसली होती. चुकीच्या पायवाटेने जाऊन घसरलेली, घोटा सुजून टम्म झालेला. ती दगडाने स्टीलचा डबा वाजवत होती. मी दिसलो तशी रडली, पण ओठ उघडला नाही. त्या बाईच्या मदतीने मी तिला वर काढले आणि ती बाई आपल्या म्हशीच्या शोधात निघून गेली. तिचे नावही विचारायचे राहिले.

आरती झाल्यावर सुमन पहिले वाक्य बोलली, "अहो, मी केव्हाची वाजवत होते. तुम्ही दत्ताशी भाव करायचे थांबाल तर ऐकू येईल ना!"

ती बाई कोण होती याचा खल मी करत नाही. म्हैस शोधणारी बाई होती. तिला त्याच वेळी त्याच वाटेवर कोणी आणले, हे मी हात जोडून सोडून देतो. एवढेच कळले की माझा सगळा जोर संपला तिथे त्याचे काम सुरू झाले. त्या दिवसापासून रोज सकाळी दुकान उघडण्याआधी थोडा वेळ मी गप्प बसतो. मागत काही नाही.

संयोजक मात्र परतल्यावर सगळीकडे सांगतो आहे की महाराजांनी आमची परीक्षा घेतली. स्वतःच्या खोट्यावर त्याने महाराजांचे नाव घालावे हे मला सहन होत नाही. संयोजका, आता तुलाच सांगतो, माझ्याशी काही बोलू नकोस. येत्या गुरुवारी सत्संगात सुमन समोर बसलेली असेल, मौनात. तिच्या डोळ्यांत बघून, सगळ्यांदेखत सांग. वाटाड्या परत गेला हे तुला ठाऊक होते, मग तिला जंगलात का नेलेस?